त्या छाव्याची आई कुठे आहे?

मैत्रिणींनो, मुलगी पदवीधर झाली की घरात तिच्या नोकरीचा विषय निघतो, पुढच्या शिक्षणाचा निघतो, लग्नाचा तर निघतोच निघतो. हल्ली मात्र एक नवाच विषय आपल्या घरांतून डोकावू लागला आहे. मुलगी म्हणते, "मला महिनाभर परदेशात जायचंय. नोकरीला नाही, शिकायला नाही, नुसतं फिरायलाही नाही. रानातल्या जनावरांची सेवा करायला!"

ऐकणाऱ्याला आधी हसू येते. मग कळते की हा प्रकार खरोखरच आहे आणि जगभर चालतो. कोस्टारिकाच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखायची, थायलंडमध्ये म्हाताऱ्या हत्तींना खाऊ घालायचे, बोर्निओत ओरांगउटानांसाठी फळे चिरायची, आफ्रिकेत सिंह-चित्त्यांच्या केंद्रांत राबायचे. पगार मिळत नाही. उलट राहण्याजेवण्याचे आणि केंद्राच्या खर्चाचे पैसे आपणच भरायचे, विमानभाडे वेगळे. याला स्वयंसेवा म्हणतात.

उद्या तुमच्या लेकीने असा हट्ट धरला, तर तिला काय विचाराल? 'सोबत कोण आहे', 'पैसे किती', 'जेवायला काय मिळेल', हे तर आपण विचारूच. पण त्याआधी एक वेगळा प्रश्न विचारावा असे मला वाटते. तो प्रश्न मला कसा सुचला, ते सांगते.

मी नारायणगावजवळच्या एका खेड्यात राहते. सकाळचा स्वयंपाक आणि गोठा आटोपला की दुपारी गावच्या शाळेत चार तास भूगोल शिकवते. बी.ए.ला भूगोल होता, तो असा उपयोगी पडला. माझ्या नणंदेची मुलगी पुण्याला असते. २०२४ च्या मे महिन्यात ती प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि तशीच उड्या मारत आजोळी आली. हातात मोबाईल. त्यावर फोटो, दक्षिण आफ्रिकेतल्या कुठल्याशा केंद्राचे. गोऱ्यागोमट्या मुली मांडी घालून बसल्या आहेत, मांडीवर सिंहाचा छावा, त्याच्या तोंडात दुधाची बाटली. छाव्याने दोन्ही पंजांनी बाटली धरलेली. खरे सांगते, पाहताच कुणालाही पाझर फुटावा.

"मामी, अगं, अनाथ आहेत सगळे. आपण वाढवायचे आणि मोठे झाले की ते जंगलात सोडतात. चार आठवडे. आजी पैसे देते म्हणाली."

माझ्या सासूबाईंनी या एकुलत्या नातीच्या नावाने पोस्टात ठेव ठेवली होती. विमानाचे भाडे धरून खर्च दोन लाख चाळीस हजारांच्या घरात जात होता, आणि चाळीस हजार अनामत म्हणून मुलीने भरूनही टाकले होते. रात्री वन्संचा फोन आला. "वहिनी, मला यातलं काही कळत नाही. तू शिकवतेस, चार पुस्तकं वाचतेस. तूच बघ, आणि योग्य वाटेल ते तिला सांग."

मग मी ते फोटो पुन्हा पाहिले. एकदा नाही, पाच-सहादा. गेल्या वर्षीचे, त्याच्या आधीचे, मार्चमधले, ऑगस्टमधले. दर वेळी मुली नव्या, आणि छावे मात्र तेवढ्याच वयाचे, तितकेच इवलेसे. आमच्या घरी दोन गाई आहेत. वासरू महिन्याभरात केवढे होते आणि एक गाय वर्षाकाठी किती वासरे देते, हे मला कुणी शिकवायला नको. रानात एखादी सिंहीण मेली आणि तिचे पोर अनाथ झाले, हे समजू शकते. पण बारा महिने, अगदी वेळापत्रक लावल्यासारखे, अनाथ छावे कुठून येतात? एवढ्या आया जातात कुठे?

"त्या छाव्याची आई कुठे आहे गं?" मी भाचीला विचारले. ती गप्प झाली.

आम्ही दोघींनी मिळून त्या केंद्राला तीन प्रश्नांचा ई-मेल पाठवला. या छाव्यांच्या आया कुठे आहेत? मोठे झाल्यावर छावे कुठे जातात? आजवर किती सिंह रानात सोडले, आणि कुठल्या रानात? दोन दिवसांनी उत्तर आले, अगदी गोड भाषेत. आईला दूध पुरत नव्हते, असे पहिल्याचे उत्तर. मोठे सिंह 'दुसऱ्या चांगल्या ठिकाणी' जातात, हे दुसऱ्याचे. ठिकाणाचे नाव नाही. तिसऱ्या प्रश्नाचा उल्लेखसुद्धा नाही. उरलेली रक्कम मात्र लवकर भरा, जागा संपत आल्या आहेत, असे ठळक अक्षरांत होते.

त्यानंतर आम्ही वाचायला बसलो, आणि जे वाचले ते तुम्हालाही ठाऊक असावे म्हणून लिहिते.

रानातली सिंहीण आपल्या पिल्लांना सहा-आठ महिने अंगावर पाजते. पुढेही साधारण दोन वर्षे ती आईजवळच असतात, शिकार शिकतात, कळपाची रीत शिकतात. तोवर ती पुन्हा वीत नाही. पण पिल्लू काही दिवसांचे असतानाच काढून घेतले, तर ती लवकर माजावर येते, पुन्हा गाभण राहते आणि साडेतीन महिन्यांत पुन्हा विते. दक्षिण आफ्रिकेत सिंहांची अशी पैदास करणारी तीनशेहून अधिक ठिकाणे आणि त्यांत किमान ८,००० सिंह असल्याचा अंदाज सांगितला जातो. त्या देशाच्या मोकळ्या रानात आहेत त्याच्या दुपटीहून अधिक! त्यातली सगळीच ठिकाणे स्वयंसेवक बोलावतात असे नाही. पण जिथे बोलावतात, तिथे बाटलीने दूध पाजणाऱ्या मुली हे उत्पन्नाचे पहिले साधन.

छावा थोडा मोठा झाला, की पर्यटक त्याच्याबरोबर फिरायला जातात. हे दुसरे साधन. आणि पुरता वाढला की? माणसाच्या हाताला सवकलेला सिंह रानात सोडता येत नाही. तो माणसाला भीत नाही, म्हणून तो माणसालाही धोका आणि स्वतःलाही. मग त्यांतले कित्येक कुंपणाच्या आत पैसेवाल्या शिकाऱ्यापुढे सोडले जातात. सिंहाला पळायला जागा नाही आणि शिकाऱ्याला धोका नाही. १९९७ साली ब्रिटिश टेलिव्हिजनने हा प्रकार प्रथम जगापुढे आणला. २०१५ साली 'ब्लड लायन्स' नावाचा माहितीपट निघाला आणि त्याने स्वयंसेवक मुलामुलींचा या साखळीतला भाग उघड केला. मारल्यावर उरतात ती हाडे. त्यांनाही आग्नेय आशियात गिऱ्हाईक आहे. २०१७ साली तिथल्या सरकारने ८०० सांगाडे परदेशी पाठवायला परवानगी दिली होती. २०१९ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने ही ठरवून दिलेली संख्याच बेकायदा ठरवली. २०२१ मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी सिंहांची ही पैदास बंद करण्याची दिशा जाहीर केली, आणि २०२४ च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाने तसे धोरण मान्य केले. पण धोरण मान्य झाले तेव्हाही हजारो सिंह कुंपणांतच होते, आणि आमच्या भाचीच्या मोबाईलवर छाव्यांचे फोटो येतच होते.

हे वाचून पोरगी रडली. "मामी, पण मी नाही गेले तर त्या पिल्लांना दूध कोण पाजणार?"

तिचा प्रश्न खोटा नव्हता. जन्माला आलेल्या जिवाला दूध हवेच. मी तिला एवढेच म्हटले, "अगं, पाजणारी आई तिथेच, पलीकडच्या कुंपणात आहे. तुला पाजायला मिळावं म्हणून तर पिल्लू तिच्यापासून काढलंय. तुझ्यासारख्या शंभर मुलींनी जायचं थांबवलं, तर पुढच्या वेळी काढायचं कारणच राहणार नाही."

राहता राहिले अनामतीचे चाळीस हजार. ते परत मिळत नाहीत असे त्या लोकांनी कळवले. घरात दोन दिवस कुणी नीट जेवले नाही. माझे यजमान म्हणाले, पैसे बुडवण्यापेक्षा जाऊन तरी येऊ दे, डोळ्यांनी बघेल. निकाल लावला तो सासूबाईंनी. चौथीपर्यंत शिकलेली ही बाई, पण बोलली ते ऐका. "चाळीस हजार गेले तर गेले. उरलेले दोन लाख त्याच भोकात कशाला घालायचे? लेकराला आईपासून तोडायला माझी ठेव नाही दिली मी."

आता आमच्या जुन्नर तालुक्याची गोष्ट सांगायला हवी, कारण भाचीच्या मनात खरा बदल झाला तो इथे. आमच्याकडे उसाची शेती, आणि उसात बिबट्या. ऊस दाट, पाणी जवळ, कुत्री-शेळ्या हाताशी. मादी उसातच विते. हिवाळ्यात तोडणी सुरू झाली की मजुरांना सरीत बछडे सापडतात. मांजराएवढे, डोळे नुकते उघडलेले. आमच्याकडे कुणी बिबट्याचे लाड करीत नाही हो. या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत, लहान मुलेही. शाळा सुटली की आम्ही मुलांना एकटे सोडत नाही, घोळक्याने पाठवतो.

तरीही बछडे सापडले की काय करतात? तोडणी थांबवतात आणि वनखात्याला कळवतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. तिथले पशुवैद्य येऊन बछडे तपासतात. मग संध्याकाळी ते जिथे सापडले तिथेच, टोमॅटोच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये ठेवतात आणि सगळे लांब जाऊन थांबतात. अंधारात मादी येते, क्रेट उलटवते आणि एकेक बछडा मानेला धरून घेऊन जाते. झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यात तेवढे दिसते. पोरे हरवलेली मादी सैरभैर होते, आसपासच्या वस्तीला तिचा धोका वाढतो. पोरे मिळाली की ती त्यांना घेऊन निघून जाते. म्हणजे हे नुसते भूतदयेचे काम नाही, गावाच्या जिवाचेही आहे.

त्या वर्षीच्या तोडणीत भाची आमच्याकडे असताना शाळेपलीकडच्या फडात दोन बछडे सापडले. कुणालाही जवळ जाऊ दिले नाही, तिलाही नाही. सकाळी वनरक्षकांनी रिकामा क्रेट दाखवला आणि कॅमेऱ्यातले चित्र. बराच वेळ ती बघत उभी होती. मग म्हणाली, "मामी, इथे कुणी हात पण नाही लावला त्यांना."

मला वाटते, सगळे मर्म तेवढ्यातच आहे. पिल्लाला आईकडे पोचवणे ही सुटका. पिल्लाला आईपासून काढून आपल्या मांडीवर घेणे ही आपली हौस.

पण जायची तिची इच्छा काही मेली नव्हती, आणि ती मारावी असे मलाही वाटत नव्हते. या वेळी तिने शोध घेतला तो वेगळ्या रीतीने. नामिबियात १९९० साली डॉ. लॉरी मार्कर या बाईंनी चित्ता संरक्षणाची एक संस्था काढली, चीता कन्झर्वेशन फंड. तिथले बहुतेक चित्ते राखीव जंगलात नव्हे, तर शेतकऱ्यांच्या कुरणांतून राहतात. शेळ्या-वासरे मारतात म्हणून शेतकरी त्यांना गोळ्या घालत. बाईंनी शेतकऱ्यांना उपदेश केला नाही. १९९४ पासून त्यांनी तुर्कस्तानातल्या दांडग्या जातीचे राखणीचे कुत्रे शेतकऱ्यांना द्यायला सुरुवात केली. पिल्लू लहानपणापासून शेळ्यांतच वाढवायचे, म्हणजे ते शेळ्यांना आपलेच कुटुंब समजते. चित्ता अंगाने हलका, मारामारी टाळणारा प्राणी. कुत्रा भुंकला की तो वाट बदलतो. अशा कुत्र्यांमुळे जनावरांचे नुकसान ८० टक्क्यांहून अधिक घटते, असे ती संस्था सांगते. शेळी वाचली म्हणून चित्ता वाचला. आपल्या धनगरांना यात नवल वाटणार नाही. आणि हे चित्ते म्हणजे आपले बिबटे नव्हेत बरे का. बोलताना आपण दोन्हींची गल्लत करतो, पण भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले होते. २०२२ च्या १७ सप्टेंबरला मध्य प्रदेशातल्या कुनोत पहिले आठ चित्ते आले, ते या नामिबियातूनच.

अशाच कामाच्या तिथल्या एका केंद्रात २०२५ च्या जुलैत भाचीला चार आठवड्यांसाठी जागा मिळाली. केंद्राने आधीच कळवले होते की चित्त्याला हात लावायला मिळणार नाही. तिथे तेव्हा हिवाळा. रात्री कडाक्याची थंडी. तिचे रोजचे निरोप यायचे, ते मी सासूबाईंना वाचून दाखवायची. पहाटे शेळ्यांचा गोठा झाडला. कुत्र्यांच्या पिल्लांची भांडी घासली. मांस तोलून वाटे केले. पाणवठ्यावरच्या मचाणात दिवसभर बसून आलेली हरणे मोजली, वहीत लिहिली. चित्ता जाळीपलीकडून पाहिला.

सासूबाई म्हणाल्या, "शेण काढायला एवढ्या लांब गेली? आपला गोठा काय वाईट होता?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो, पण प्रश्न रास्त होता. मी नंतर भाचीलाच तो विचारला. ती म्हणाली, "मामी, माझ्या कामाने तिथं काही अडत नव्हतं. माझ्या पैशातून थोडी औषधं, थोडा चारा आला असेल. पण मला कळलं, की जनावर वाचवायचं म्हणजे त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाची शेळी वाचवायची." एवढे शहाणपण दोन लाखांत महाग की स्वस्त, ते तुम्ही ठरवा. आता ती वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, आणि सुट्टीत आमच्याकडे आली की शेळ्यांचे रात्रीचे गोठे बंदिस्त कसे करावेत यावर गावातल्या बायकांशी तासन् तास बोलते.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात हा विषय निघाला तर लगेच नाही म्हणू नका, आणि लगेच पैसेही काढून देऊ नका. तिला जवळ बसवा आणि मिळून या गोष्टी तपासा.

१. पिल्ले असतील तर त्यांची आई कुठे आहे? खरे निवारा केंद्र सहसा पैदास करीत नाही.

२. जनावराला कुरवाळायला, त्याच्याबरोबर फोटो काढायला मिळतो का? मिळत असेल तर तिथेच शंका घ्या. ओरांगउटान आणि चिंपांझींना तर आपल्या साध्या सर्दीचीही बाधा होते. म्हणून चांगली केंद्रे माणसांना लांबच ठेवतात.

३. हत्तींच्या ठिकाणी पाठीवर बसवतात का, खेळ करून दाखवतात का? थायलंडमध्ये १९८९ साली जंगलतोडीवर बंदी आली आणि ओंडके ओढणारे हत्ती बेकार होऊन पर्यटकांच्या दारात आले. त्यांना खरा आसरा देणारी जागा त्यांना पुन्हा कामाला जुंपत नाही.

४. कासवांची पिल्ले पर्यटकांसाठी टाक्यांत दिवसेंदिवस ठेवतात का? अंड्यातून निघताच समुद्र गाठायची जी ताकद त्यांच्यात असते, ती टाकीत गरगर फिरण्यात संपते.

५. मोठे झालेले जनावर कुठे जाते? ठिकाणाचे नाव, साल, संख्या मागा. शिवाय २००७ पासून 'ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्च्युअरीज' ही संस्था अशा निवाऱ्यांची तपासणी करून मान्यता देते. यादीत नाव आहे का पाहा.

६. अनामत भरण्याआधी ती परत मिळण्याची अट लेखी घ्या. बिनपगारी कामालाही काही देशांत वेगळा व्हिसा लागतो. तो त्या देशाच्या वकिलातीत विचारा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नका.

७. लसींसाठी डॉक्टरांना आधीच भेटा. आफ्रिकेतल्या काही देशांतून परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला आपले सरकार मागते, आणि ती लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. जनावरांत काम असेल तर रेबीजच्या लशीचेही विचारा. प्रवासाचा विमा हवाच.

आणि खर्च झेपत नसेल तर मुलीने हिरमुसायचे कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी २००२ पासून सागरी कासवांची घरटी राखली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने ते काम सुरू केले, आणि गावकऱ्यांनी ते आपले मानले. तिथेही पिल्ले समुद्राकडे निघाली की माणसांनी दोरीमागे उभे राहून नुसते पाहायचे असते.

आपल्या मुली हळव्या आहेत, त्यांना दुसऱ्याचे दुःख पाहवत नाही, हे चांगलेच आहे. त्या हळवेपणाचा बाजार मांडणारेही जगात आहेत. मुलीचा हळवेपणा कमी करू नका. त्याच्या जोडीला तिच्या हाती चार खणखणीत प्रश्न द्या, आणि उत्तर आल्याशिवाय पोस्टातली ठेव मोडू नका.